किटली आणि आईचा लाल दिवा

डब्लिन, १४ नोव्हेंबर

ती. अट्रॅक्टाताईस,
धाकट्या मॅलकीचा शि. सा. न. वि. वि.

वादळात तू तीन दिवस अंधारात होतीस, हे मला तुझ्या शेजारच्या कॉलमनने सांगावं याचं वाईट वाटलं. आणि खरं सांगू, हसूही आलं. छपरावर बारा सोलर पाट्या, माजघरात भरलेली बॅटरी, आणि तू मेणबत्तीपाशी! दातही होते, चणेही होते, चावायचं तेवढं राहिलं. वीज गेली की घर बॅटरीवर नेणारा खटका तू बसवूच दिला नाहीस म्हणे.

ताई, तू एक्याऐंशीची झालीस. इथे माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. म्हणून एक अट घालतो. पुढच्या वादळात देवाच्या तसबिरीखालचा आईचा विजेचा लाल दिवा विझला नाही, तर मी जन्मभर तोंड मिटतो. विझला, तर एक फेब्रुवारीला आपला वसंत लागताच तू डब्लिनला.

तुझा हट्ट कमी व्हावा, लोभ तसाच राहावा.
मॅलकी

द्रुमबान, १९ नोव्हेंबर

चि. मॅलकीस अ. उ. आ.

अट कबूल. चूक माझीच. कारागीर आला तेव्हा खटक्याला जागा एकच होती, फ्यूजच्या डब्याशेजारी. तिथे आईने येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर लावून खाली तो लाल दिवा बसवलेला. मी ठणकावलं की तुमच्या खटक्यासाठी देव हलायचा नाही. मग वीज गेली आणि देवच अंधारात बसला! काल तसबीर आणि दिवा समोरच्या भिंतीवर नेले, खटका बसला. आता येऊ दे वादळ.

आणि माझं वय मला सांगू नकोस. तुझे लंगोट मी धुतलेत. लिफ्ट बंद पडली की पाचव्या मजल्यावर अडकून बसणाऱ्याने मला सुरक्षितपणा शिकवू नये.

लोभ आहेच, उपदेश आवरावा.
अट्रॅक्टा

द्रुमबान, २९ जानेवारी

चि. मॅलकीस अ. उ. आ.

फोनचा मनोरा अजून आडवा आहे. टपालवाला आज पहिल्यांदा पोचला, म्हणून बातमी उशिरा. आपला कॉलमन गेला. वादळाच्या आदल्या दिवशी, झोपेतच. तुझा बालमित्र, तुला यायलाही रस्ता नव्हता. फार वाईट वाटतं रे.

त्याच्या छपरावर झाड पडलं, सगळ्या गावाची वीज गेलेली. पुरण्याआधी रीतीप्रमाणे दोन दिवस लोक त्याच्यापाशी बसणार कुठे? मी शवपेटी माझ्या बैठकीत आणवली. वादळाआधी बॅटरी काठोकाठ भरली होती. दिवे लागले, पंपाने विहिरीचं पाणी चढवलं, सगळं गाव येऊन गेलं. पण चहाशिवाय कुणाला पाठवायचं कसं? मेली विजेची किटली बॅटरी किती पिते, हे मला तेव्हा कळलं.

ऊन तर नव्हतंच, दुसऱ्या दिवशी दुपारी बॅटरी संपत आली. आता फक्त लाल दिवा ठेवायचा असं ठरवलं, तेवढ्यात कॉलमनचे दोघे भाऊ आले. पडलेली झाडं ओलांडत डोंगरावरून चालत, नखशिखांत भिजलेले. मला तुझी अट आठवत होती, मॅलकी. मी किटली लावली. चहा झाला आणि दिवा विझला.

लपवता आलं असतं, पण तुझ्याशी खोटं बोलून या घरात राहणार नाही. हरले. पश्चात्ताप मात्र काडीचा नाही, पुन्हा तेच करीन. वसंत तीन दिवसांवर आला. बॅग भरते आहे.

लोभ असू दे, कीव नको.
अट्रॅक्टा

डब्लिन, १ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. कॉलमनसाठी रडलो. त्याला अंधारात ठेवलं नाहीस, हे तुझे उपकार.

बॅग रिकामी कर. अट आईच्या दिव्याची होती, पण आई असती तर तिनेच किटली लावली असती, आणि मला कानफटात दिली असती. शुक्रवारी कारागीर दुसरी बॅटरी घेऊन येईल. नको म्हणू नकोस, हट्टात मीही तिचाच मुलगा.

रस्ता खुला झाला की मी येतो. कॉलमनच्या थडग्यावर जायचंय, आणि मग तुझ्या हातचा चहा.

तुझा,
मॅलकी