जमेल तितका भार

प्रिय दादा,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली. 'अण्णांनी तीन महिने पाय टेकायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय,' हे वाक्य. डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं. घरी सोडताना त्या म्हणाल्या होत्या, "उद्यापासून वॉकर धरून उभं करा. जमेल तितका भार देऊ देत." मी त्यांच्यासमोरच उभी होते आणि मला नीट ऐकू आलं होतं. ते तीन महिने माझे. घरी आल्यावर अण्णांनाही मी तेच सांगितलं आणि नाव डॉक्टरांचं पुढे केलं.

फोनवर हे सांगितलं असतं तर तू लगेच "जाऊ दे गं" म्हणाला असतास, म्हणून लिहिते आहे. आणि नीट कळावं म्हणून माझं काम काय ते आधी सांगते. इतक्या वर्षांत मी ते तुला धड कधी सांगितलंच नाही. खुब्याजवळ हाड मोडलं की जे स्क्रू आणि पट्ट्या बसवतात, ते आधी आमच्या प्रयोगशाळेत येतात. मी ते खोट्या हाडात बसवते. खोटं हाड म्हणजे फोमचा ठोकळा, म्हातारपणच्या हाडाइतका ठिसूळ. तो यंत्राखाली ठेवायचा. यंत्र दाबतं, सोडतं, पुन्हा दाबतं, माणूस चालत असल्यासारखं, आणि काहीतरी मोडेपर्यंत मी बघत बसते. धातू सहसा टिकतो. हाडच हरतं. स्क्रू आतल्या आत वर वर सरकत जातो आणि पिकल्या पेरूतून काडी बाहेर यावी तसा खुब्याच्या गोळ्यातून बाहेर येतो. अण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात माझ्यासमोर असा एक ठोकळा फाटला. त्यानंतर अण्णांनी पलंगावरून पाय खाली सोडले की मला पाय दिसेचना, ठोकळाच दिसायचा.

स्क्रू धरतो कसा, हे मला कॉलेजने नाही शिकवलं. तू शाळेत जायचास तेव्हा मी खाली अण्णांच्या सुतारकामाच्या दुकानात लाकडाच्या ढलप्यांत बसलेली असायचे. ते म्हणायचे, "फळीच्या टोकात मारलेला स्क्रू पाहुणा असतो, आज आहे उद्या नाही. आडव्यात मारलेला घरजावई. ओढून काढला तरी निघत नाही." ब्रॅकेटचंही त्यांनीच सांगितलं होतं. वजन भिंतीपासून जितकं लांब, तितका ब्रॅकेटचा जीव जातो. पुढे पहिल्यांदा मांडीच्या हाडाचं चित्र बघितलं तेव्हा मी वर्गात हसले होते, कारण गोळा आणि त्याची तिरकी मान म्हणजे सरळसरळ अण्णांचा ब्रॅकेट होता. त्या भांडवलावर मी वर्गात पहिली यायचे.

पण अण्णांचं लाकूड आणि माझा फोम, दोन्ही मेलेली. मोडलेली फळी आपणहून जुळत नाही. हाड जुळतं, आणि त्यासाठी त्याला भार लागतो. अण्णांना बसवलेला स्क्रू पट्टीच्या नळीत थोडा सरकावा म्हणूनच तसा केलेला असतो. माणूस उभा राहिला की हाडाचे तुकडे एकमेकांवर घट्ट बसतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही रे. नवीन मुलं कामाला येतात तेव्हा हे मीच त्यांना शिकवते. पलंगावर पडून राहिल्याने खुब्यावरचा जोर संपत नाही हेही मला माहीत होतं. शौचाचं भांडं द्यायला कंबर उचलायची म्हटली तरी आजूबाजूचे स्नायू हाडाला आवळतात, कधी कधी काठी घेऊन चालण्याइतके. म्हणजे मी स्क्रूला वाचवलं नाही. चालणं तेवढं बंद केलं. मांडी आता अर्धी राहिली आहे, लेंगा त्यांना दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा दिसतो. सुरुवातीला ते कुरकुरायचे, "हा पलंग मी झोपायला केला होता, राहायला नाही." आत्या येऊन सुनावायची, "पोरीला शिकवलंस, आता भोग." दोघं हसायचे. हल्ली ते कुरकुरतही नाहीत.

गेल्या गुरुवारी तपासणीला गेलो. एक्स-रे चांगला आला. स्क्रू जिथे हवा तिथे, अगदी मध्यावर आहे. डॉक्टरांनी विचारलं, किती चालतात? मी म्हटलं, नाही चालत. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "का?" अण्णा व्हीलचेअरवर माझ्या शेजारीच होते. आणि दादा, मी म्हणाले, "त्यांना भीती वाटते."

डॉक्टर त्यांच्याकडे वळून लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाल्या, "एवढं काय घाबरायचं, आजोबा? उंच उंच शिड्या करणारे ना तुम्ही?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ते म्हणू शकले असते की तुम्हीच नको म्हणालात म्हणे. त्यांना वाटलं असणार, पोरीचं काहीतरी कारण असेल. ते म्हणाले, "वय झालं, बाई." परत येताना रिक्षात ते बाहेर बघत म्हणाले, "मी भित्रा झालो होय गं?" मी रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी तुला फोन केला. दुकान विकत मागतोय त्या माणसाला आता देऊन टाक, मशिनं घेऊन जाऊ दे, आणि मला तुझ्याकडे लिफ्टच्या घरात ने, असं ते तुला म्हणाले. तू मला नंतर म्हणालास, "बरं झालं, म्हातारा शहाणा झाला." शहाणा नाही झाला दादा. मी त्यांच्याबद्दल जे सांगितलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. परवा वॉकर समोर ठेवला तर त्यांनी खरोखरच पलंगाची कड सोडली नाही. जी भीती त्यांची नव्हती ती आता त्यांची झाली आहे.

म्हणून हे पत्र. रविवारी तू त्या माणसाला घेऊन येणार आहेस. त्याला आणू नकोस. तू एकटा ये. अण्णांनी दुकानाला दिलेला होकार माझ्या खोट्यावर उभा आहे आणि तो तसाच उचलून नेणं बरोबर नाही. खरं कळल्यावरही ते दुकान द्यायचंच म्हणतील, तर देऊ, मी मध्ये येणार नाही. पुन्हा पहिल्यासारखे चालतील की नाही ते मला सांगता येत नाही. मी वाया घालवलेले आठवडे डॉक्टरांनाही परत देता येणार नाहीत. आणि माझी बाजू घ्यायला लवकर येऊ नकोस. ते रागावले तर त्यांना माझ्यावर पुरतं रागावू दे. अण्णांना चालायला शिकवायला फिजिओथेरपिस्ट बाई पहिल्यांदा येणार आहेत, आणि त्यांच्यासमोर अण्णांनी स्वतःला भित्रा समजून उभं राहावं असं मला वाटत नाही. त्या यायच्या आधी, अण्णांचा चहा झाल्यावर, मी समोर बसून त्यांना सगळं सांगणार आहे. येत्या शनिवारी सकाळी.

तुझीच,
धाकटी