बोटावरची माडी

बाबा, तुझी नात रात्रीची झोपत न्हाय. जमिनीला पाठ टेकली की भोंगा चालू. मी नि बायको पाळीपाळीनं तिला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारतो. उजाडलं की पोरगी गाढ झोपते, नि मी निघालो नागावच्या किनाऱ्यावर कामाला. बनाना राईडवर पर्यटकांना जॅकेट चढवायचं काम हाय माझं. परवा डोळे मिटत होते, तर एका काकांचा पट्टा मी शेजारच्या काकूंच्या जॅकेटात अडकवला. काकू भलत्याच कोणाच्या होत्या. दोघं जोडीनं वाळूत आपटले. सगळे हसले, माझ्या मस्कऱ्या माहीत हायत ना सगळ्यांना. मी पण हसलो. पण ती मस्करी न्हवती, बाबा. उद्या एखाद्याचा पट्टा लावायचाच राहिला नि तो पाण्यात पडला तर?

गावात जो भेटतो तो तुझंच नाव काढतो. "तुझा बाप पायजे होता. पोर हातात घेतलं की गप करायचा." आई तर मरेपर्यंत हेच सांगत होती. ती लोकांच्या वाडीत नारळ सोलायला जायची, तू माडावरनं माडी काढून खाली उतरलास की दुपारभर मी तुझ्याजवळ. ती परत आली की मी हातपाय पसरून झोपलेला. "बापाचा हातच तसा हाय," म्हणायची. माझा हात तसा का न्हाय, म्हणून मी स्वतःलाच शिव्या घालत होतो.

रविवारी आत्या आली. पोरीला बघितलं, बायकोचे खोल गेलेले डोळे बघितले, नि पिशवीतनं छोटी बाटली काढली. आत माडी, चांगली आंबलेली, चढणारी.

"बोट बुडवायचं नि चाटवायचं. दादा तुझ्यासाठी हेच करायचा."

"काय करायचा?"

"मग काय, नुसता हात फिरवून झोपायचास व्हय तू? वहिनीला तेवढं कळू दिलं न्हाय त्यानं."

आत्या हसत होती, जसं काय लग्नातली गंमत सांगतेय. नि मला तो दिवस आठवला. पोरांसमोर शायनिंग मारायला मी तुझ्या माडीच्या मडक्याला तोंड लावलंय, नि तू माडावरनं झरझर उतरतोस. अशी कानाखाली काढलीस की माझं एका बाजूचं ऐकणंच बंद. "ही काय पोरांनी तोंड लावायची चीज हाय?" मला इतकी वर्षं वाटत होतं, मारलं पण माझ्या भल्यासाठी मारलं. मस्कऱ्या करून अख्ख्या गावाला फसवणारा मी एकटाच, असं पण वाटत होतं. तू तर माझ्या आईला फसवलंस, ते पण आयुष्यभर, नि वर कौतुक घेतलंस.

बायकोनं बाटली हातात घेतली. मग म्हणाली, "एकदाच देऊया. एक रात्र फक्त." तिला बोलू नकोस हां. ती उभ्या उभ्या झोपते, भाकरी तव्यावर जळते तरी तिला कळत न्हाय. मी बोट बुडवलं. पोरीनं आपणहून तोंड उघडलं. दात न्हायत अजून, नुसत्या हिरड्या. बापाचं बोट हाय म्हणजे चांगलंच काहीतरी असणार, असंच वाटलं असेल तिला. तिथं माझा हात मागं आला. तुझा एकदा तरी आला होता काय रे?

बोट चड्डीला पुसलं. बायकोला म्हटलं, "नको."

"मग तू जाग."

"जागतो."

आत्या फणकारून गेली. "बापापेक्षा शहाणा झालास," म्हणाली. झालो तर झालो.

हे तुला धाडायला पत्ता न्हाय, नि तू असतास तरी धाडलं नसतं, कारण पुढचं ऐकून तू हसला असतास. बाटली रिकामी करायला मी मागच्या दारी गेलो, नि केली ती माझ्याच घशात. मेलेल्यासारखा झोपलो. सकाळी डोळे उघडले तर बायको पोरीला खांद्यावर घेऊन तशीच उभी. रात्रभर तीच जागली होती.

"झोप झाली काय बाळाची?" तिनं विचारलं. पोरगी टकाटका बघत होती. बायको माझ्याकडे बघत होती.