छपाईचे दोष

१ जानेवारी, सकाळ
वाचनालयाच्या वाचन-आव्हानात नाव दिलं. वर्षभरात चाळीस पुस्तकं वाचायची, प्रत्येकावर प्रामाणिक मत लिहायचं आणि ते दाराजवळच्या फलकावर टाचायचं. जिंकणाऱ्याचं नाव पितळी पट्टीवर कोरून खिडकीजवळच्या खुर्चीला लावणार. खुर्ची गेली कित्येक वर्षं माझीच आहे. पट्टी तेवढी लागायची राहिली आहे.
साडूनेही नाव दिलं. हा गृहस्थ औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा शेवटपर्यंत वाचत नाही. मी दैनिकाचा मुद्रितशोधक. स्वल्पविराम वाकडा पडला तरी मला घास गोड लागत नाही. स्पर्धा कसली, राज्याभिषेकच.
संकल्प: रोज साठ पानं. मत देताना भीड कोणाचीही नाही.

९ जानेवारी
पुस्तक पहिलं. मधमाश्यांविषयी. मत: लेखकाला मधमाश्या कळतात, माणसं कळत नाहीत, म्हणून पुस्तक वाचनीय.
ग्रंथपालबाई हसल्या. फलकावर माझं मत मध्यभागी लावलं. साडूचं कोपऱ्यात. त्याचं मत: ‘छान आहे.’

६ फेब्रुवारी
पुस्तक चौथं. समुद्रप्रवास. मजकूर बरा, छपाई गचाळ. ओळ पानाच्या मध्यावर आली की खाली लोंबते, दोरीवरच्या ओल्या चादरीसारखी. तसं मतात स्पष्ट लिहिलं. प्रकाशकालाही पत्र टाकलं.
ग्रंथपालबाई म्हणाल्या, हे पुस्तक बारा जणांनी नेलं, कोणी तक्रार केली नाही. बारा जणांची इयत्ता कळली.

२० फेब्रुवारी
पुस्तक पाचवं. वेगळा प्रकाशक, वेगळा छापखाना. ओळी तशाच लोंबतात. छपाईधंद्याचा ऱ्हास एवढा सार्वत्रिक असेल असं वाटलं नव्हतं.
हिचं म्हणणं, डोळे दाखवून या. हिला सांगितलं, माझा उजवा डोळा धंद्याचा डोळा आहे. डावा मिटायचा, उजव्याला भिंग लावायचं, अशी सगळी नोकरी काढली. त्याने पकडलेल्या चुका एकापुढे एक मांडल्या तर शेजारच्या गावी पोचतील. त्या डोळ्यावर संशय म्हणजे न्यायाधीशालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं. ही म्हणाली, न्यायाधीशालाही मोतीबिंदू होतो. बायकांना दाखला कुठून सुचतो, देव जाणे.

१४ मार्च
पुस्तक सातवं. कादंबरी. पानाच्या बरोबर मध्ये फिकट डाग. चहाचा असावा. सभासदांना शिस्त नाही. मत: कथानक पातळ, डाग दाट.

२ एप्रिल
पुस्तक आठवं. डाग. त्याच जागी.
पुस्तक नववं. डाग. त्याच जागी.
निष्कर्ष: कोणीतरी माझ्या आधी पुस्तक नेतो, मध्यावर बोट बुडवतो आणि परत ठेवतो. हे वाचन नव्हे, वैर आहे. आणि या वाचनालयात माझ्याशी वैर धरण्याइतकी फुरसत एकालाच आहे. साडू.

५ एप्रिल
कपाटाआड उभा राहून साडूवर पाळत ठेवली. त्याने कपाटातून पुस्तक काढलं, वास घेतला, परत ठेवलं. दुसरं काढलं, ते घेऊन निघाला. मला पाहून म्हणाला, काय साडूबुवा, इथे काय हरवलंय? मी म्हणालो, तुलाच ठाऊक. बिचाऱ्याने वाकून माझ्यासाठी फरशीवर शोधायला सुरुवात केली. अभिनय उत्तम.

११ एप्रिल
शास्त्रीय प्रयोग. दुकानातून कोरं, पारदर्शक वेष्टनातलं पुस्तक विकत आणलं. घरी वेष्टन फोडलं. पान उघडलं.
डाग.
म्हणजे शत्रू छापखान्यापर्यंत पोचला आहे. साडूची एवढी पोच नाही. हे काहीतरी मोठं आहे.

१२ एप्रिल
आणखी एक निरीक्षण. डाव्या डोळ्याने पाहिलं तर डाग दिसत नाही. डावा पहिल्यापासूनच उदार. चुका पोटात घालणारा. म्हणून तर त्याला कामाला लावला नाही.

३० एप्रिल
पुस्तक दहावं. नव्या दमाच्या लेखकाचा कथासंग्रह. इथे डाग नाही, पण वाक्यांतले मधले शब्दच नाहीत! कर्ता आहे, क्रियापद आहे, मधलं गायब. आम्ही पाठशाळेत मध्यमपदलोपी समास शिकलो. या पठ्ठ्याने अख्खं पुस्तक मध्यमपदलोपी लिहिलं. मत: धाडसी. मौनाला वाचा फोडणारं. दहापैकी दहा. आजवर कोणाला दिले नव्हते.

८ मे
वाचनालयात अभिवाचन. त्याच संग्रहातलं एक पान निवडलं. गाळलेल्या जागी योग्य तो विराम घेतला. श्रोते पोट धरधरून हसले. साडूच्या डोळ्यांत पाणी आलं. साहित्याची जाण आहे त्याला, म्हणायचं तर.
ग्रंथपालबाई मात्र हसल्या नाहीत. पुस्तक हातातून घेऊन तेच पान त्यांनी मनात वाचलं. मग माझ्याकडे बघत राहिल्या. हिच्याशी बाजूला काहीतरी बोलल्या.
घरी येताना ही गप्प. हिला विनोद उशिरा कळतो.

१५ मे
हिने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. नेमका त्याच दिवशी विशेषांक. रद्द केली.

३ जून
पुन्हा वेळ घेतली. डोकं दुखत होतं. दुखऱ्या डोक्याने डोळे दाखवणं अन्यायाचं. रद्द.

१९ जून
कन्येचा दुसऱ्या शहरातून फोन. बाबा, आई रडते. मी विचारलं, कशावरून? म्हणाली, तुम्ही डॉक्टरकडे जात नाही म्हणून. सांगितलं, आव्हान संपू दे, डिसेंबरात निवांत जातो. म्हणाली, बाबा, डिसेंबरात काय दाखवणार? मुलांना संयम नाही.

७ जुलै, ऑफिस
पहिल्या पानावर निधनवार्ता. आज सकाळी छापून आलेली पाहिली, म्हणजे संपादकांनी दाखवली. फोटोतला माणूस एक, खाली नाव दुसऱ्याचं. दुसरा जिवंत आहे. सकाळपासून त्याच्या घरी लोक रांग लावून आहेत आणि तो दार उघडतो तेव्हा किंचाळतात. प्रूफवर सही माझी. मी जुळवणीवाल्यांना फैलावर घेतलं. नंतर संपादकांनी आत बोलावलं. आवाज मऊ. म्हणाले, शास्त्रीबुवा, थोडे दिवस घरी राहा, विश्रांती घ्या. मीच कळवतो कधी यायचं ते.
साहेब गुणग्राहक. आव्हानासाठी न मागता रजा.

८ जुलै
माझ्या टेबलावरचं भिंग ऑफिसने घरी पाठवून दिलं. सोबत पेनं, डब्याची पिशवी, ड्रॉवरमधला जुना कंगवासुद्धा. रजेवरच्या माणसाची किती काळजी घ्यावी!

२२ जुलै
पुस्तक बारावं. कितवं पान, सांगता येत नाही. पानाचा आकडा कोपऱ्यात असतो, तो दिसतो. पण तिकडे पाहिलं की नाहीसा होतो. बाजूला पाहिलं की परत येतो. लबाड आकडा.
मत: लेखक वाचकाशी लपंडाव खेळतो.

२ ऑगस्ट
दाराची चौकट वाकली आहे. पावसाळी हवेने लाकूड फुगतं. हिला बोलावून दाखवलं. ही चौकटीकडे पाहीना, माझ्याकडेच पाहत राहिली. म्हणाली, चौकट लोखंडी आहे हो.
खरंच. विसरलोच होतो.

९ ऑगस्ट
चहा कपात ओतला. कप तिथे नव्हता. मी ठेवला होता, पण तिथे नव्हता. हिने न बोलता टेबल पुसलं. बोलली असती तर बरं झालं असतं. मी पुष्कळ उत्तरं तयार ठेवली होती.

१६ ऑगस्ट
डाग आता तपकिरी नाही. काळा. कडा हलतात. डोळे मिटल्यावरही असतो.
आज मी त्याला पाहण्याऐवजी तोच मला पाहतो आहे असं वाटलं. उपमा बरी आहे. एखाद्या मतात वापरावी.

१७ ऑगस्ट
ही समोर बसून शेंगा सोलत होती. केस दिसले. कानातली कुडी दिसली. हात दिसले. मध्ये डाग.
छापखाना, प्रकाशक, साडू, सगळ्यांवर बोट ठेवून झालं होतं. पण ही छापलेली नाही.
एवढं लिहून थांबतो.

१८ ऑगस्ट
डाव्या डोळ्याने पाहिलं. तो उदार डोळा. भिंतीवरच्या फरशांच्या रेषा मध्यावर थोड्या लोंबत होत्या. ओल्या चादरीसारख्या.
हिला म्हणालो, तुझ्या समाधानासाठी येतो डॉक्टरकडे. तुझ्या समाधानासाठी, हे दोनदा सांगितलं. ही चपला घालून दारात उभीच होती. किती दिवसांपासून उभी होती कोण जाणे.

१९ ऑगस्ट, दवाखान्यातून आल्यावर
डॉक्टरीणबाई तरुण. एक कागद हातात दिला. त्यावर नुसते चौकोन, आडव्या उभ्या रेषा. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघा म्हणाल्या.
मी पाहिलं. सवय जात नाही. सांगून टाकलं: बाई, छपाई सदोष आहे. मधल्या रेषा वाकड्या, मधोमध शाईचा डाग, ठिपका छापायचाच राहिला. छापखाना बदला.
त्या हसल्या नाहीत. हिने माझा हात धरला. चारचौघांत हात धरायची हिला सवय नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, रेषा सरळ आहेत.
मग विचारलं, रेषा वाकड्या दिसायला लागल्या त्याला किती दिवस झाले? आठवत नाही म्हणणार होतो. पण पत्राची स्थळप्रत आहे, फलकावर मत आहे, तारखेसकट. फेब्रुवारी, म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तेव्हाच यायला हवं होतं. पडद्यामागे रक्त झिरपत होतं, आता तिथे वण धरला आहे. उजव्याची मधली नजर परत येणार नाही. डावा आत्ता सुरू होतोय, त्याला वाचवायची धडपड करू. इंजेक्शनं उद्यापासून. वचन देत नाही.
डोळ्यात इंजेक्शन. मी विचारलं, डिसेंबरनंतर चालेल का? विनोद केला होता. कोणालाच कळला नाही. मलाही उशिरा कळला.

३० सप्टेंबर
डावा टिकून आहे. अजून. मोठं अक्षर ओळखतो, बारकं नाही. वाचायला सक्त मनाई नाही, पण अर्ध्या पानात ओळ हातातून निसटते.
ऑफिसातून फोन नाही. संपादकांनी कळवतो म्हटलं होतं. मी त्यावर विश्वास ठेवला होता, हे आज लिहून ठेवतो.
प्रकाशकाचं उत्तर मात्र आलं. हिने वाचून दाखवलं: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, निर्दोष प्रत सोबत पाठवली आहे. ती प्रत उशाशी ठेवली आहे.

३१ डिसेंबर
चाळीस पुस्तकं साडूने वाचली. चाळीसही मतं ‘छान आहे’. पट्टी त्याच्या नावाची लागली. पण खुर्ची रिकामीच असते, कारण साडू रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसतो आणि मला वाचून दाखवतो. मी बोलावलं नव्हतं. पाळत ठेवली होती ते त्याला सांगितलं. म्हणाला, अहो साडूबुवा, मला वाटलं तुमची चावी पडली.
आज ते समुद्रप्रवासाचं पुस्तक, निर्दोष प्रत. साडू ष म्हणत नाही, जोडाक्षरावर अडखळतो, पूर्णविरामावरून बैलगाडीसारखा निघून जातो. एका जागी वादळ यायला हवं होतं, फेब्रुवारीत वाचलेलं आठवतं. आलं नाही. एकदम बंदर आलं.
विचारलं, मधलं गाळलंस का रे?
म्हणाला, छे, जसंच्या तसं वाचलं. शपथ.
हिला विचारलं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, हो हो, जसंच्या तसं.
पुस्तक हातात घेतलं. पान चाचपलं. गुळगुळीत, कोरं, डाग कुठेच नाही. परत साडूच्या हातात दिलं.
मत: ठीक असावं. ताडून पाहायला मूळ प्रत आता माझ्याकडे नाही.