सुकेळ्यांच्या कारखान्याची जागा

वटार, बुधवार

तीर्थस्वरूप हिलरीमामांना स्टॅनीचा जय ख्रिस्त. बोळिंजच्या सातव्या मजल्यावर तुमचे गुडघे आणि मामींचा आवाज, दोन्ही ठणठणीत असतील अशी आशा करतो. (लिफ्ट दुरुस्त झाली का?) इकडे मी सोडून सगळे बरे आहेत.

तुमच्या ॲनिशाच्या लग्नात प्रत्येक पाहुण्याच्या हातावर आपल्या वाडीतलं सुकेळं ठेवायचं, हे मीच छाती पुढे काढून कबूल केलं होतं. राजेळी केळी सोलून नेहमीसारखी अंगणात वाळवली असती तर भागलं असतं. पण यंदा आमच्या टिफनीची दहावी. तिचा भूगोल घेता घेता मलाच ज्ञान झालं. लोखंडाचा कारखाना खाणीजवळ का, साखरेचा उसाजवळ का, कापडगिरण्या मुंबईच्या दमट हवेत का (तिथे सूत तुटत नाही म्हणे), सगळं मला पाठ. मग आपणच जागा न पारखता अंगणात का बसायचं? कच्चा माल वाडीत होता (आपल्याला तो पिकलेला लागतो, पण पुस्तकाशी कोण वाद घालणार), कामाला आई आणि मावशी होत्या (पगार मागत नाहीत, नुसत्या बोलतात). त्यात पुस्तक म्हणतं, एका जातीचे उद्योग एकमेकांना धरून राहतात. म्हणून वाळवण्याचा उद्योग जिथे जोरात चालतो, तिथे किनाऱ्यावर मी मांडव घातला, कार्मिनबाय कोळणीच्या वाळत्या बोंबलांना अगदी खेटून.

वारा कुठून कुठे वाहतो, हे त्या धड्यात नव्हतं.

पहिलं सुकेळं फादरांना चाखायला नेलं. त्यांनी एक घास घेऊन डोळे मिटले. मला वाटलं, प्रार्थना करतायत. मग म्हणाले, "उपवासाला चालेल, स्टॅनी. पण फळ म्हणून की मासळी म्हणून, ते मला सांगता येणार नाही."

मामा, लग्न तोंडावर आलंय आणि मला खरंच रडू येतंय.

तुमचा भाचा,
स्टॅनी

ता. क. : कार्मिनबायशी भांडायला गेलो, तर तीच म्हणाली, "मांडव हलवू नका. तुमच्या केल्यांनी आमचे बोंबील गोड झाले, गिऱ्हाईक पाठ सोडत नाय."

ता. क. दुसरा : राजेळीचे उरलेले घड पिकलेत. टिफनीच्या मते आता जागा उंच, उन्हाची आणि बाजारपेठेजवळची हवी, म्हणजे तुमच्या बिल्डिंगची गच्ची. हे पत्र केळी घेऊन निघालेल्या टेम्पोवाल्याच्याच हाती दिलंय, तेव्हा तुम्ही हे वाचताय तोवर केळी, आई आणि मावशी खाली उभ्या आहेत. गच्चीवर मामींनी वाळत घातलेले बोंबील तेवढे आधी उतरवा.