साक्षीदार ओरुरोला

ला पाझ, १४ एप्रिल

प्रिय बेत्सा,

नाताळात आलेल्या तुझ्या निरोपाला आज उत्तर देते आहे, माफ कर. कामाचं निमित्त सांगणार होते, पण ते पूर्ण खरं नाही. काहीतरी पक्कं हातात येऊ दे, मग लिहू, असं म्हणत राहिले. रागव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

तुझ्या धर्मकन्येला, माझ्या नोएलियाला, मे महिन्यात बाळ होणार आहे. चिलीत इकिकेला जाऊन महिनाभर तिच्याजवळ राहावं असं मनात आहे. डॉक्टर अरांदियांकडे रजा मागितली तर म्हणाले, "इंजिनिअरबाई, तुमचा तो कारभारी सर्व्हर तुमच्याशिवाय उभा राहतो हे दाखवा, मग खुशाल जा." रास्तच बोलले. तू ओरुरोच्या शाखेत गेलीस तेव्हापासून तो बसला की त्याला उठवणारी मी एकटीच. तो पडला तरी प्रयोगशाळेचे, रक्तपेढीचे, नोंदणीचे सर्व्हर चालत राहतात. पण त्यांना इकडून तिकडे हलवणारं, नवा उभा करणारं कुणी उरत नाही. हॉस्पिटल चालू, आणि घरात कर्तं माणूस नाही, अशी गत.

म्हणून ठरवलं, एकाऐवजी तीन सर्व्हर: मुख्य इथे तळघरात, राखीव वर एल आल्तोला, आणि तिसरा साक्षीदार. साक्षीदार काम काहीच करत नाही. मधली लाइन तुटून दोघांनाही दुसरा मेला असं वाटलं, तर कारभार कुणाचा हे त्याच्या मतावर ठरतं. डॉक्टरांना तिघंही एकाच कपाटात हवे होते, नीटनेटके दिसतात म्हणून. मी म्हटलं, वरचा पाइप फुटला तर तिघांची एकदमच अंत्ययात्रा निघेल. मग म्हणाले, नुसतं बघत बसणाऱ्याला वेगळी जागा कशाला? तेवढ्यात सालतेन्या, त्या रसाळ सारणाच्या करंज्या, विकायला आलेल्या पास्कुआलाबाईने टोपली खाली ठेवत ऐकवलं, "डॉक्टर, लग्नातला धर्मबाप काय नवरा-बायकोच्या खोलीत झोपतो? भांडण पेटलं की दोघं त्याच्या दारी जातात. घरातच राहिला तर तो धर्मबाप कसला, सासू झाली की!" डॉक्टर खो खो हसले, आणि साक्षीदार ओरुरोला निघाला. कार्यालयाच्या कोरड्या चिठ्ठीसह तुझ्या खोलीत आलेला खोका तो हाच.

बुधवारी तालीम झाली. सकाळी, सालतेन्यांच्या वेळेला, मी मुख्य सर्व्हरची तार स्वतःच्या हाताने उपटली. योजनेवर विश्वास होता. शंका होती ती स्वतःबद्दल, की मी सोयीचं तेवढंच तर तपासलं नाही ना? थोड्याच वेळात एल आल्तोच्या राखीवाने कारभार हाती घेतला. नोंदणीतली बाई रस सांडू न देता खाण्यात गुंग. तिला पत्ताही नाही. डॉक्टर वैतागून म्हणाले, "हे काय, काहीच झालं नाही!" मी म्हटलं, "डॉक्टर, याच्यासाठीच तर डिसेंबरपासूनचा सगळा उन्हाळा घालवला."

रजेच्या अर्जावर सही करायला त्यांनी पेन उचललं आणि थांबले. "यंत्रांची सोय झाली. तुमच्या जागी माणूस कोण?" मी तुझं नाव सांगितलं. तुला न विचारता. आधी विचारायला हवं होतं, हे त्याच क्षणी कळलं. तरी शब्द मागे घेतला नाही, कारण दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी फोन बंद करून नातवंडाला मांडीवर घेऊ शकणार नाही. तुला बसल्या जागेवरूनच लक्ष ठेवायचं आहे. अगदीच अडलं तर बसने एल आल्तोला यावं लागेल. अर्ज त्यांच्या टेबलावर आहे, सही तुझ्या होकारावर. नाही म्हणालीस तर रजा जाईल, पण तुझ्यावर राग धरणार नाही. तू हो म्हणशील असंच मी धरून चालले आहे.

तुझीच,
निल्दा

(निल्दाच्या वहीत, त्याच रात्री) उद्या: एल आल्तोच्या खोलीची दुसरी किल्ली करून बेत्साला पाठवणे.