आईच्या खोलीची खिडकी

९ जाने.
आई आली. विमानतळावरून घरी येईपर्यंत अंगावर स्वेटर, शाल आणि वर ताकेशीचं जॅकेट. जावयाचं जॅकेट घालायला लाजत होती, पण घातलं. जपानातल्या, इचिकावातल्या या आमच्या घराने गेल्या हिवाळ्यात तिला पंधरवड्यात पळवून लावलं होतं. ‘सोसायटीची मीटिंग आहे’ म्हणाली होती. कसली मीटिंग न् काय! बाबा गेल्यापासून पुण्यात एकटी असते. या वेळी होळीपर्यंत तरी राहा म्हणून किती विनवलं. तिने परतीचं तिकीट फेब्रु.च्या पहिल्या आठवड्याचंच काढलंय.

१० जाने.
सकाळी तिच्या खोलीची काच नुसती निथळत होती. एकेरी काच, ॲल्युमिनियमची चौकट. टॉवेल पिळून पिळून हात बधिर.
आई: ‘अगं, घर आहे की फ्रीज?’
आमची लेक मिओ पांघरुणातूनच ओरडली, ‘आज्जी, समुई!’ थंडीचा हा एक शब्द आईला गेल्या वर्षीपासून पाठ आहे.

१४ जाने.
खिडकीवाले येऊन गेले. आईच्या खोलीची जुनी खिडकी जागेवरच, तिच्या आत दुसरी बसवली. प्लास्टिकची चौकट, दुहेरी काच. जेवणाच्या आत काम आटोपून, जमीन पुसून, वाकून निरोप घेऊन गेलेसुद्धा.
आई: ‘खिडकीला खिडकी? कायतरीच बाई तुमचं.’
गेल्या वर्षी आई परत गेली त्याच आठवड्यात ताकेशीने हे डोक्यात घेतलं होतं. मला बोलला नाही. आज कळलं.

१५ जाने.
काचेला हात लावला. गार नाही!! रात्रभर हीटर बंद, तरी खोलीत ऊब. आई स्वेटर काढून पोहे करत होती. मला नाचावंसं वाटलं. रेल्वे फाटकाची घंटा आता ऐकू येत नाही, तर आई म्हणते घर बहिरं झालं. होऊ दे बहिरं.

२१ जाने.
आतल्या नव्या काचेवर पाणी. आठवडाभरातच. माझा पाराच चढला. खिडकीवाल्यांना फोन लावणार, तर ताकेशी म्हणाला थांब, आधी बघू. पलंग सरकवला. हवा यायला भिंतीत गोल झरोका असतो ना, त्यात आईचा जुना परकर, गच्च कोंबलेला. वर खोलीतच ओले कपडे वाळत घातलेले. दमट हवा बदलणार कशी? काचेवरच बसणार.
आई माझ्यावरच डाफरली, ‘थेट डोक्यावर वारा येत होता!’

२२ जाने.
दुपारी भाजी निवडताना आपणहून बोलली. ‘तुम्ही दोघांनी एवढं केलंत माझ्यासाठी. त्यावर अजून गार वारा लागतो म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?’
म्हणजे गेल्या वर्षीही... कुडकुडत बसली आणि मीटिंग सांगून गेली. मला रडूच आलं. आईला म्हटलं, तू माझ्याशी भांड, पण बोल गं.
संध्याकाळी ताकेशीने झरोका पुसला, पलंग समोरच्या भिंतीला लावला.

२४ जाने.
काच कोरडी. मिओ आपली उशी घेऊन आजीकडे झोपायला गेली. आमची खोली गार आहे म्हणे, तिथे अजून जुनीच खिडकी. आई मराठीत गोष्ट सांगते, ही मधेच जपानीत प्रश्न विचारते, आणि दोघींचं छान चालतं. खिडकीवाल्यांचे, ताकेशीचे, सगळ्यांचे आभार. किती मानू!

३१ जाने.
आज बाहेर बोचरा वारा. आई खिडकीशी बसून मेथी निवडत होती. मी स्वयंपाकघरात. तिकिटाचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय. या वेळी जबरदस्ती नको.
तिनेच काढला, पण माझ्याकडे नाही.
‘ताकेशीराव, ते तिकीट पुढे ढकलता येतं का हो?’
‘येतं, आई. कधीपर्यंत?’
‘ते आत्ता विचारू नका. येतं ना, बास.’
तो फोन हातात घेऊन तसाच बसलाय. मी इथे ओट्याशी उभी. बाहेर त्यांच्याकडे जायचा धीर होत नाही, मला बघून तिने विचार बदलला तर?