अकरा शनिवार

बाबा,

आज शनिवार आहे आणि मी लिहायला बसले आहे. शब्बाथला, विसाव्याच्या या वारी, लेखणी हातात धरायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत. पण सकाळपासून माझ्या घरात नुसत्या येरझारा चालल्या आहेत. खिडकी उघडते, लावते, पुन्हा उघडते. सांगवीतल्या या घरात मला टोकणारं आता कोणी उरलं नाही, म्हणून शेवटी कागद ओढला. तुम्ही असता तर रागावला असता, आणि मग दहा मिनिटांनी विचारलं असतंत, काय लिहितेस गं?

आपण तेव्हा दापोडीच्या दोन खोल्यांत राहत होतो. तुम्ही पिंपरीच्या कंपनीत फिटर. रविवारी यंत्रं बंद असत, तेव्हा त्यांची दुरुस्ती तुम्ही करायचात आणि त्या बदल्यात शनिवार मोकळा मिळायचा. कोकणात आपल्या यहुदी आजोबा-पणजोबांना लोक शनवारतेली म्हणत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. घाणा गेला, कंपनी आली, पण वार तुम्ही सोडला नव्हता. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत आईचा स्वयंपाक उरकायचा, काचेच्या पेल्यात तेलाची वात लागायची, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चुलीला हात नाही. त्या दिवशी तुम्ही घरात असायचात, एवढंच मला पुरायचं.

मग दुष्काळाच्या साली मराठवाड्यातून बाया आल्या. ठेकेदार त्यांना लोखंडाचा कीस झाडायला, पाट्या उचलायला आणायचा. आठवड्याचे सातही दिवस काम. एक दिवस चुकवला, तर दुसऱ्या दिवशी जागेवर दुसरी. त्यांतल्या एकीच्या अंगठ्याला कायम चिंधी बांधलेली असायची. तिनं तुम्हाला विचारलं, "दादा, तुमाला शनवार कोन देतंय?"

"देवानं दिलाय," तुम्ही म्हणालात.

"मंग त्याला आमचं बी सांगा की. एक वार. कोनता बी चालंल."

हे तुम्ही जेवताना आम्हाला हसत हसत सांगत होतात. मधेच हसू थांबलं आणि घास तसाच हातात राहिला. तुम्ही आईला म्हणालात, "अगं, शब्बाथच्या आज्ञेत घरधन्याचं नाव एकदाच येतं. बाकी सगळे चाकर, दासी, बैल, दारातला परका. विसावा त्यांचा आहे, आणि मी एकटाच लोळतोय." आई म्हणाली, "जेवा आधी." तुम्ही जेवला नाहीत.

तुम्ही मॅनेजरला भेटलात. तो सभ्य माणूस होता, चहा पाजून म्हणाला, "तुमचा धर्म आम्ही सांभाळतोच आहोत, तुम्हीही तेवढाच सांभाळा." तुम्ही चहा संपवून म्हणालात, त्यांना वार मिळेपर्यंत माझाही नको. आणि मुंबईच्या मालकांना अर्ज लिहिलात. सुट्टी ही मेहेरबानी नाही, माणसाचा हक्क आहे, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. मी कॉलेजात जात होते, म्हणून तो इंग्रजीत उतरवण्याचं आणि टपालात टाकण्याचं काम माझ्याकडे.

पुढच्या शनिवारी तुम्ही खाकी कपडे घालून दारात उभे होतात. आईनं डबा दिला नाही. शब्बाथचं अन्न घरी बसून खायचं, कारखान्यात न्यायचं नाही, ती म्हणाली. कँटीनचं तुम्हाला चालत नव्हतं. तुम्ही उपाशी गेलात, आणि पुढचे सगळे शनिवार तसेच गेलात. पुण्याच्या प्रार्थनालयात, ज्याला आपण यहुदीही मशीदच म्हणतो, तिथे लोक आईकडे बघून गप्प व्हायचे. मला इतका राग यायचा तुमचा. परक्या बायांसाठी घरची माणसं वाऱ्यावर सोडली, असं मी एकदा तुमच्या तोंडावर म्हणाले. तुम्ही फक्त बूट काढत राहिलात.

मुंबईहून उत्तर येत नव्हतं. तुम्हीच त्यांची बाजू घ्यायचात, "मोठ्या कचेऱ्यांना वेळ लागतो." एकदा विचारलंत, आठवणीचं पत्र टाकू का? मी म्हणाले, थांबा थोडे दिवस.

अकराव्या शनिवारी तुम्ही परत आलात तेव्हा खिशात भुईमुगाच्या शेंगा होत्या. त्या बायांना वाटायचं, तुम्ही शनीचा उपास धरलाय. त्यांनी उपासाला चालतील म्हणून केळी आणली, शेंगा आणल्या, गुळाचा खडा आणला. "खाल्लं मी," तुम्ही म्हणालात, "त्यांचा गैरसमज कशाला मोडायचा?" आई पहिल्यांदा हसली. मग तुम्ही सांगितलंत, की अंगठ्याला चिंधी बांधणारी ती बाई चार आठवड्यांपूर्वीच कामावरून गेली. पोराला ताप आला म्हणून ती एक दिवस घरी राहिली होती.

बाबा, अर्ज माझ्या कॉलेजच्या फायलीत होता. अकरा आठवडे. मला वाटलं होतं, दोन-तीन शनिवारांत तुम्ही कंटाळाल, नोकरी वाचेल, आणि पुन्हा घरी बसाल. मी माझ्या बापाला ओळखतच नव्हते. त्या सोमवारी तो टपालात टाकला. तीन आठवड्यांत मुंबईहून हुकूम आला, बायांना पाळीपाळीनं आठवड्याला एक दिवस. तुम्ही चिंधीवालीला सांगायला फुगेवाडीच्या झोपड्यांत दोन संध्याकाळी फिरलात. ती सापडली नाही. तिचा वार माझ्या फायलीत पडून होता, हे तुम्हाला कुठून कळणार?

शेवटच्या आजारपणात तुम्ही म्हणालात, "ते शनिवार मोडले, त्याचा जाब देव मला विचारेल. देईन मी उत्तर." मी तुमचे पाय चेपत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं, की पहिले तीन तुमचे, पुढचे अकरा मी मोडले. माझे हात थांबलेसुद्धा नाहीत.

आज लिहून झालं तरी मन ठिकाणावर येत नाही. इतकी वर्षं मी म्हणत आले, बाबा असते तर सांगितलं असतं. तुम्ही असता, तर मी आजही सांगितलं नसतं.